रुंद पानाचं औषध

सतराव्या वर्षी माझी अशी पक्की समजूत होती, की जगात पानांच्या दोनच जाती आहेत, रुंद आणि बारीक, आणि त्यातली रुंद जात मेलेलीच बरी. ही अक्कल मला एका गुलाबी कागदानं दिली होती. औषधाच्या दुकानातून वाटलेला तो घडीचा कागद मी उशीखाली ठेवून झोपत असे. त्या वयात गावातल्या बाकीच्या पोरी उशीखाली काय ठेवत होत्या हे मला चांगलं ठाऊक आहे, त्यांच्या चिठ्ठ्या मीच वाचून दाखवायचे. माझ्या उशीखाली मात्र तणनाशकाची माहिती. आज नात विचारते, "आजी, तू लहानपणी हुशार होतीस का गं?" मी मान डोलावते, आणि मनातल्या मनात त्या हुशार पोरीच्या दोन मुस्काटात ठेवून देते. हे प्रकरण मी त्यासाठीच लिहायला घेतलं आहे. दोन तिला, आणि हात दुखला नाही तर उरलेल्या गावाला. ती माणसं बरीचशी आता नाहीत. गेलेल्या माणसांवर राग धरू नये म्हणतात. असं सांगणारे बहुधा स्वतः जायच्या वाटेवर असतात आणि पुढची सोय लावत असतात, हे माझं निरीक्षण.

आमचं गाव कोल्हापूरहून हुपरीला जाणाऱ्या एसटीच्या वाटेवर, आणि घर गावाच्या कडेला, मळ्यात. गोठ्यात सहा म्हशी. माझे वडील, म्हणजे आबा, गावच्या दूध संस्थेचे सचिव. संस्थेला स्वतःची जागा नव्हती, म्हणून दूध आमच्याच सोप्यात, म्हणजे दारच्या ओसरीत, गोळा व्हायचं. सकाळ-संध्याकाळ सगळं गाव किटल्या घेऊन दारात हजर. झाकणांचा खणखणाट, मापाची उलटापालट, कुणाच्या दुधात विहीर उतरली आहे त्यावरून टोमणे, आणि या सगळ्याच्या मधून वाहणाऱ्या बातम्या. कुणाची सून रुसली, कुणाची म्हैस गाभण न राहता उलटली, हे आम्हाला दूध मोजायच्या आधी कळत असे. सोप्याला लागून शेवग्याचं झाड होतं आणि त्यावर आबांची पानवेल चढलेली होती. माप संपलं की आबा दोन पानं खुडायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे, चुना लावायचे आणि डोळे मिटून चघळत बसायचे. पोटच्या पोरांच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवलेला मला आठवत नाही. वेलीवरून रोज फिरवत.

घरात आई होती, मी होते, धाकटे दोघे भाऊ होते, आणि आत्ती होती. आत्ती म्हणजे आबांची थोरली बहीण, सोना. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, सासरच्यांनी ट्रंक आणि खुरपं देऊन परत पाठवली. ट्रंक माळ्यावर गेली आणि खुरपं तिच्या हातात राहिलं ते शेवटपर्यंत. गोठा तिचा, वैरण तिची, ओढ्याकाठचा दीड एकराचा गवताचा पट्टा तिचा. सातबारा आबांचा, हे वेगळं सांगायला नको.

त्या पट्ट्यात पॅरा गवत होतं. गौरी-गणपती आटोपले की ते कापायचं, एक दिवस उन्हात सुकू द्यायचं, कोयत्यानं बारीक तोडायचं आणि गोठ्यामागच्या खड्ड्यात मुरघास घालायचा. लोणचं घालावं तशी ती गत. एक थर गवत, त्यावर मीठ, त्यावर गेल्या गुऱ्हाळातली राखून ठेवलेली काकवी पाण्यात कालवून शिंपडायची, आणि मग सगळ्या घरानं आत उतरून तुडवायचं. आत हवा राहिली की घास कुजलाच. भाऊ आणि मी नाचून नाचून तुडवत असू, पायाला गवताची खाज, अंगाला काकवीचा चिकटा, आणि आत्ती काठावरून ओरडत असायची, "टाचंनं दाबा, टाचंनं! तमाशाला आलायसा व्हय!" वर कागद, कागदावर माती. उन्हाळ्यात खड्डा उघडला की असा आंबूस-गोड वास सुटायचा, की म्हशी दावं ताणून हंबरायच्या आणि आम्हालाही उगीच भूक लागायची.

खरी भानगड कापणीनंतरची. गवत कापलं की खालच्या जमिनीला ऊन लागायचं आणि इतके दिवस अंधारात दबून बसलेलं रुंद पानाचं सगळं गणगोत एकदम वर यायचं. माठ, पाथरी, टाकळा, आघाडा, कुंजर, आणि त्या काळात नवीनच येऊन उपटलेलं पांढऱ्या फुलांचं गाजरगवत. वेळेत काढलं नाही तर गवताचा फुटवा त्याखाली गुदमरायचा आणि पुढच्या कापणीला वैरणीच्या जागी आघाडा हातात यायचा. यावर आमच्याकडं उपाय होता सावडीचा. आज सगळ्याजणी तुझ्या रानात, उद्या सगळ्याजणी माझ्या. मजुरी नाही, हिशोब नाही. दहा-बारा बाया रांगेनं बसायच्या आणि खुरप्यानं तण काढत सरकायच्या. संध्याकाळी प्रत्येकीच्या कमरेला खोचलेल्या ओट्यात माठ नि पाथरी, डोक्यावर शेळीपुरता आघाडा-टाकळा. गाजरगवत तेवढं बांधावर. ज्यांना स्वतःचं रान नव्हतं त्याही यायच्या, त्या भाजीसाठी. त्या दिवशी घरी लोखंडी कढईत ठेचलेल्या लसणावर माठाची भाजी परतली जायची, वर दाण्याचं कूट, बरोबर गरम भाकरी आणि ताक. मी नाक मुरडून खात असे. तणाची भाजी! दहावी पास झालेल्या मुलीनं!

दहावी पास. गावात तिसरी. ही तिसरी मुलगी दारात मोटारसायकल थांबली की पदर नसतानाही पदर सावरायची. तसा एकदा औषधाच्या दुकानाचा माणूस आला, आबा आणि आणखी चार पुरुषांपुढं बसून बोलला, चहा प्यायला, कागद वाटून गेला. तण ज्या बायका काढायच्या त्यांच्यापैकी एकीलाही त्यानं काही सांगितलं नाही. एकीनंच ऐकलं, ती चहा घेऊन गेलेली मी. कागद मी पाठ केला. "हे औषध रुंद पानाची तणं मारतं, गवतवर्गीय पिकाला इजा करत नाही." हे वाक्य मी भांडी घासताना म्हणत असे. आबांना म्हटलं, "कशाला सावड न् बिवड? मी एका सकाळी उरकते." आबांना पोरीचा अभिमान वाटला. म्हणजे फुकटात काम होतंय याचा वाटला, पण मला त्या वेळी फरक कळत नव्हता.

आत्ती चुलीपुढं बसून ऐकत होती.

"काय मारणार म्हणालीस?"

"रुंद पानाचं सगळं. गवताला काय होत न्हाय."

"माठ?"

"माठ रुंद पानाचाच की."

"आन पाथरी?"

"ती बी."

"मग आमी काय खायाचं? गवत?"

मी खो खो हसले. आत्ती हसली नाही. म्हणाली, "सावड मोडू नगं, बये. तण एका दिसात जातं. बाया वर्सभर लागत्यात." मी तिला विज्ञान समजावून सांगितलं. हो, मी. तिला. चाळीस वर्षं त्या पट्ट्यात बसून काढलेल्या बाईला. ते आठवलं की अजून मला हातातलं भांडं आपटावंसं वाटतं.

आबांचा सदरा घालून, नाकाला टॉवेल गुंडाळून, पितळी पंप पाठीवर घेऊन मी एका बिनवाऱ्याच्या सकाळी पट्टाभर औषध मारलं. वास फिनेलसारखा. पंपाचा दांडा खालीवर करताना मला वाटत होतं, आपण सीमेवर उभ्या आहोत आणि समोर शत्रूची फौज आहे. फौज म्हणजे माठ. दुसऱ्या दिवसापासून ती फौज वाकायला लागली. ते औषध झाड जाळत नाही, ते झाडाला वेडंवाकडं वाढवतं. देठ पिळतो, पानं द्रोणासारखी वळतात, शेंडा मान मुरगळल्यासारखा खाली येतो, आणि तरीही ते झाड वाढायची धडपड करत राहतं, वाढता वाढता मरतं. मला हे बघून फार आनंद झाला होता. लिहून ठेवते, म्हणजे पुढं कुणी मला गरीब स्वभावाची म्हणणार नाही.

आत्ती रोज संध्याकाळी जाऊन बांधावर उभी राहायची. कमरेवर हात, तोंड आमच्या गवताकडं. पिळा पडलेल्या माठाकडं बघत राहायची. तिच्या पाठीमागं, बांधापलीकडं, फातिमाचाचीची वांगी होती.

चाची आणि तिचा नवरा रसूलचाचा पिढ्यान्‌पिढ्यांचे आमचे शेजारी. चाचा गावात गाद्या-रजया शिवायचे आणि बांधापलीकडचा तेवढा तुकडा चाचीनं वांग्यानं फुलवला होता. हिरवट जांभळी, देठाला काटे असलेली वांगी. ती चाची बाजारात विकायची, त्यावर तिचा वर्षाचा तेल-मीठ-कपडा निघायचा. पण पहिल्या तोड्याची पाटी आमच्या घरी यायची. आत्ती तीळ-खोबरं भाजून ती भरायची आणि निम्मी पातेल्यासकट चाचीकडं परत जायची. दोघी विहिरीवर बसून एकाच डबीतली मिश्री लावायच्या आणि जगाची निंदा करायच्या. गावात पंप एकच, आमचा. ज्याला लागेल तो घेऊन जायचा, पाटा-वरवंटा नेतात तसा.

मी फवारल्याच्या तिसऱ्या दिवशी चाचा आले. वांग्याला अळी लागली होती, तिचं औषध मारायचं होतं. मी खुंटीवरचा पंप काढून दिला.

"साफ हाय न्हवं, बेटी?"

"लखलखीत हाय, चाचा."

लखलखीत म्हणजे मी त्यात बादलीभर पाणी ओतून, गदागदा हलवून, उकिरड्यावर उपडा केला होता. बाहेरून चिंच लावून घासलाही होता. पितळ चमकत होतं. कागदाच्या पाठीमागं, अगदी घडीवर, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की पंप सोड्याच्या पाण्यानं वारंवार धुवावा आणि शक्यतो दुसऱ्या पिकाला वापरू नये. अख्खा कागद पाठ असलेल्या विदुषीला तेवढी ओळ पाठ नव्हती. बरं, ओळ राहू द्या. रुंद पानाचं मरतं, हे तर मी घोकत होते ना? वांग्याचं पान काय सुईएवढं असतं?

परवाच माझा नातू बॅटरीचा पंप घेऊन निघाला होता. मी अडवला आणि तोंड घालून आत वास घेतला. म्हणाला, "आजी, धुतलाय." मी म्हटलं, "कशानं?" म्हणाला, "पाण्यानं." त्याच्या कानशिलाची आणि माझ्या हाताची जी गाठ पडली, ती पन्नास वर्षं उशिरा पडली, एवढंच.

आठ दिवसांनी सकाळच्या दुधाला तानूबाई आली ती किटलीबरोबर वांग्याचा एक शेंडा घेऊन. तानूबाई म्हणजे सावडीची म्होरकी, जिच्या हाळीनं बाया निघायच्या. त्या वर्षी आमच्या पट्ट्याला सावड बोलावली नव्हती, बायांचे ओटे रिकामे राहिले होते, हे तिच्या पोटात होतंच. तिनं शेंडा मापाच्या टेबलावर टाकला. "बघा ओ सचिव. चाचीच्या रानात एक झाड सरळ न्हाई."

कुणीतरी म्हणालं, "बोकड्या रोग पडला असंल."

"बोकड्या एका रात्रीत पडतोय व्हय? अख्ख्या रानात?" तानूबाईनं आवाज खाली आणला, म्हणजे सगळ्यांना नीट ऐकू जाईल एवढा केला. "नजर हाय ती. रोज सांजचं बांधावर उभं राहून कोण बघत हुतं, सगळ्यांनी बघितलंय. ज्याचं काय फळलं न्हाई, त्येला दुसऱ्याचं फळलेलं बघवत न्हाई."

आत्ती आत चुलीजवळ होती. मधे एक कुडाची भिंत. तिच्या भाकरीची थाप थांबली, मग पुन्हा सुरू झाली. मी टेबलाशी उभी होते. शेंड्यावरचं पान द्रोणासारखं वळलं होतं, देठ पिळला होता. हे मी ओळखलं नाही असं मी स्वतःला एक क्षणभरही सांगू शकले नाही. माझं अक्षर मी ओळखावं, तसं ते होतं.

आणि आत्तीची पाठ होती हो वांग्याकडं! आठ दिवस ती पाठ करून उभी होती! तिला नजर लावायची तर पाठीतून लावायला लागली असती. पण लांबून बघणाऱ्यांना बाई तेवढी दिसली, तिचं तोंड कुठं आहे हे बघायची गरज वाटली नाही.

दुपारी चाचांनी बांधावर काठी रोवून त्यावर काळं मडकं उलटं घातलं. चुन्यानं डोळे काढले, दात काढले. पिकाला दृष्ट लागू नये म्हणून सगळेच लावतात, रस्त्याकडं तोंड करून. याचं तोंड आमच्या घराकडं होतं. गोठ्यात शेण भरायला वाकलं की समोर ते दात.

मी आबांना गोठ्यात गाठलं. ते धार काढत होते. मी सगळं सांगितलं, पंप, कागद, घडीवरची ओळ. धार थांबली नाही.

"कुणाला बोललीस?"

"न्हाय."

"मग बोलू नगंस. सचिव हाय मी संस्थेचा. माझ्या पंपानं गरिबाचं रान मेलं असं झालं तर माझ्या दारात दूध घालाय कोण यील?"

"पण आत्तीला बोलाय लागल्यात, आबा."

"सोनीला आजवर कमी बोलल्यात व्हय लोक? तिला सवं हाय. चार दिस बोलत्याल आन इसरत्याल."

तिला सवय आहे. हे वाक्य मी आयुष्यात अनेकांच्या तोंडून, अनेक बायांबद्दल ऐकलं. दर वेळी मला त्या चरवीत पडणाऱ्या धारेचा आवाज येतो. आबा वाईट माणूस नव्हते, असं आता मी म्हणायला हवं, वयाला शोभेल. नाही म्हणत. त्या दिवशी ते वाईट माणूस होते. आणि मी? मी नऊ दिवस गप्प बसले. आबांच्या भीतीनं नव्हे. लखलखीत म्हटलं होतं ना, ते खोटं पडेल म्हणून. दहावी पास पोरगी चुकली, असं तानूबाई म्हणेल म्हणून. माझी अब्रू, आणि आत्तीची सवय. तराजू झुकायला वेळ लागला नाही.

दहाव्या दिवशी भुईमुगाची सावड निघाली. त्या दिवसांत पहाटे तानूबाई पुढं आणि बाया मागं अशी रांग आमच्या दारावरून जायची आणि "सोनाक्का, चल गं!" अशी हाळी पडायची. आत्तीनं भाकरी फडक्यात बांधली, खुरपं घेतलं आणि उंबऱ्यात जाऊन बसली. बांगड्यांचा आवाज आला, पायांचा आला. रांग आली. दारापुढं आल्यावर बोलणं थांबलं, पुढं गेल्यावर पुन्हा सुरू झालं. रांगेत शेवटी चाची होती. तिची मान खाली. आत्ती तशीच बसून राहिली, फडकं मांडीवर. मग गाठ सोडून भाकरी काढली, तिचे तुकडे केले आणि कुत्र्याला घातले. एक एक करून, सावकाश, जणू काही आज कुत्र्यालाच जेवण होतं.

मी अनवाणी धावले. रांग ओढ्याजवळ गाठली. धापा टाकत सगळं सांगितलं, अगदी लखलखीतसुद्धा.

बाया एकमेकींकडं बघू लागल्या. तानूबाईनं माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मला वाटलं, संपलं. तर ती म्हणाली, "गुणाची गं माझी बाय. आत्तीपायी सगळं स्वतावर घेतीया."

"खरं हाय ते! पंपानं झालंय!"

"पंपानं तुमचं गवत का न्हाई मेलं मग? आँ? त्येच औषध, त्योच पंप. गवत कसं टवटवीत, आन वांगी तेवढी मेली?"

मी रुंद पान, बारीक पान सांगायला लागले. एकजण म्हणाली, "औषधाला डोळं असत्यात व्हय गं, पान बघून माराय?" हसत हसत पुढं गेल्या. नजरेनं पीक करपतं हे त्यांना पटत होतं. औषधानं करपतं हे पटत नव्हतं. मी ओढ्यात उभी राहून रडले, आणि खोटं कशाला सांगू, त्यातलं निम्मं रडणं आत्तीसाठी नव्हतं, माझं ऐकलं नाही म्हणून होतं.

संध्याकाळी दुधाची वेळ. सोपा भरलेला. तानूबाई, चाचा, सगळे. मी पंप पाठीवर घालून आले.

"ऐका समदी," मी म्हटलं. "हा त्योच पंप. ह्यात आता नुसतं हिरीचं पाणी हाय. आबांच्या पानवेलीवर मारते. पाच दिस दूध घालाय येशीलाच, येता-जाता बघा."

"इंदे!" आबा माप टाकून उठले. "हात लाव वेलीला, तंगडं मोडीन!"

मी लावला. दांडा खाली-वर, खाली-वर, शेंड्यापासून बुडख्यापर्यंत. आबांनी माझा दंड धरून ओढलं तेव्हा वेलीवरून पाणी ठिबकत होतं. त्यांनी मला मारलं नाही. माणसं होती ना. आत्ती दारात उभी होती. तिचं नाक हललेलं मी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी वेलीचा शेंडा वाकला. चौथ्या दिवशी कोवळी पानं द्रोण झाली. पाचव्या दिवशी सकाळी चाचांनी खिशातून वांग्याचं वाळलेलं पान काढलं आणि वेलीच्या पानाशेजारी धरलं. एकच पिळा. सोप्यात झाकण वाजत नव्हतं. आबा पाठ करून वहीत काहीतरी लिहीत होते, लेखणीला शाई नव्हती.

"म्हंजे खरंच की गं," तानूबाई म्हणाली. आणि मग, देवा, हेही म्हणाली, "मग पोरी, आदीच सांगाचं न्हाई व्हय?"

त्या बाईला जाऊन आज पंचवीस वर्षं झाली. आत्ता भेटली तरी मी तिच्या झिंज्या धरेन.

चाची दुपारी आली. मडकं हातात. आत्ती अंगणात गोवऱ्या थापत होती. चाची तिच्यापुढं बसली. "सोनाक्का, ह्ये मी लावलं न्हाई, घरवाल्यानं लावलं. पण मी काढलं बी न्हाई. त्येच माझं पाप." आणि मडकं आपटायला हात वर केला. आत्तीनं तो वरच्या वर धरला. "अगं, चांगलं मडकं फोडतीस कशाला?" तिनं ते घेतलं, राखेनं घासलं, डोळे गेले, दात जरा मागं राहिले. वर्षभर आमच्या चुलीवर त्यात पाणी तापत होतं. त्या हंगामात चाचीला वांगं दिसलं नाही. पट्ट्याच्या ओढ्याकडच्या अंगाला आत्तीनं गवत काढून तिला मेथी टाकायला जागा करून दिली, आबांना न विचारता. आबांनी विचारलं नाही. बायांनीही दुसऱ्या दिवशी दारात हाळी दिली, "सोनाक्का, चल गं!", जणू मधले दिवस कुणी जगलंच नव्हतं.

आता ते सांगते जे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी पंपात नुसतं पाणी नव्हतं. मधल्या दिवसांत मी भीतीनं तो पंप सोड्यानं चार वेळा धुतला होता. त्यातून काही निघालं नसतं, आणि मी गावापुढं दुसऱ्यांदा खोटी पडले असते, मग आत्ती कायमची गेली असती. म्हणून बाटलीतलं औषध टोपणभर ओतलं. खरं बोलले तेव्हा हसल्या. लबाडी केली तेव्हा पटलं. मला याचा पस्तावा नाही. राग आहे, की खऱ्याला एवढं टोपण लागावं.

आत्तीला मात्र कळलं होतं. त्याच आठवड्यात म्हशी पाजताना मला म्हणाली, "इंदे, आपल्या हिरीच्या पाण्याला फिनेलचा वास कवापासनं याय लागला गं?" मी मान खाली घातली. ती खुदकन हसली. तिचं ते हसू मी मोजून ठेवलं आहे, कारण तसं ती पुढं फारशी हसली नाही.

पुढच्या वर्षी गवत कापल्यावर सावड आली. बाटली आत्तीनं कुठं पुरली मला माहीत नाही. माठ आला, पाथरी आली, ओटे भरले, मी मुकाट्यानं भाजी खाल्ली. सगळं होतं तसं झालं, एक सोडून. बांधावरून जाताना आत्ती पदर कपाळावर ओढून घ्यायची आणि पायाकडं बघत चालायची. कुणाचंही रान असो. चाचीची वांगी पुन्हा उभी राहिली, पहिल्यापेक्षा जोमदार. माझं लग्न ठरलं त्या वर्षी आम्ही दोघी पट्ट्यात आघाडा उपटत होतो. मी म्हटलं, "आत्ती, बघ की गं, चाचीची वांगी कसली धरल्यात!"

तिनं मान वर केली नाही. खुरपं चालू होतं.

"तूच बघ, आन मला सांग," ती म्हणाली. "तुझी नजर कुणाला लागत न्हाई."

मी बांधावर उभी राहिले आणि सांगू लागले. जांभळी फुलं आहेत. देठाला काटे आहेत. पानं सरळ आहेत, आत्ती, सगळी सरळ आहेत. ती "व्हय? व्हय?" म्हणत खाली बघून तण काढत राहिली.